शेवटच्या धारेचं दूध

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं वजन दोन किलो सातशे ग्रॅम होतं. सिस्टरांनी हा आकडा सांगितला तेव्हा मला टाके घालणं अजून चालू होतं, पण मी तो मनात दोनदा म्हणून पाठ केला. पाठ करण्याची सवय जुनी आहे. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात मी शाळा शिकले, आणि घरात पुस्तक उघडणारी मी एकटीच होते. आई-वडिलांना अक्षर येत नव्हतं. गुरुजींनी सांगितलेलं आणि पुस्तकात छापलेलं ते खरं, या एका विश्वासावर मी बी.एस्सी.पर्यंत आले, आणि बोरिवलीच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले. त्या विश्वासाचे माझ्यावर उपकार आहेत. तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण मी आठव्या महिन्यापर्यंत कामावर जात होते, आणि तपासण्यांची सगळी फाइल इथल्या प्रसूतिगृहात होती. म्हणून मी गावी गेले नाही, आईच कांदिवलीला आली. दोन म्हशी मावशीच्या हवाली करून, एका पिशवीत बाजरीचं पीठ, दुसरीत डिंक, अळीव आणि गूळ घेऊन. आमचं घर चौथ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. आईला लिफ्टची भीती वाटायची. ती जिन्याने चढायची आणि वर आल्यावर म्हणायची, "एवढ्या उंचावर तर आमच्याकडं कडबा बी ठेवत न्हाईत."

बाळ तासाभराचं असेल. सिस्टरांनी ते माझ्या छातीशी लावायला आणलं, तेवढ्यात आईने पदराखालून स्टीलची झाकणाची वाटी काढली. घरून निघतानाच तिने कोमट पाण्यात गूळ विरघळवून आणला होता. सोबत बाळाच्या तोंडात थेंब सोडायला कापसाची एक वात.

"आधी चीक पिळून टाक," ती म्हणाली. "तीन दिवस टाकायचा. पिवळा, चिकट असतोय. लेकराला पचत न्हाई."

"टाकायचा नसतो, आई. पहिल्यांदा तोच द्यायचा असतो."

"कोण म्हणतंय?"

"डॉक्टर म्हणतात. पुस्तकात आहे."

"तुला मी तीन दिवस गूळपाण्यावर ठेवली होती. मेलीस का तू?"

शेजारच्या खाटेवरची बाई पोट धरून हसली, कारण तिलाही टाके होते.

मला राग आला. आमच्याकडे म्हैस व्यायली की चिकाचा खरवस करून आई चार घरी वाटायची, आणि त्याआधी रेडकाला पोटभर चीक पाजायची. मी तिला तेच विचारलं. "रेडकाला पाजतेस ना? मग?"

"रेडकू येगळं, माणूस येगळं," ती म्हणाली.

सिस्टर चाळिशीच्या, कोकणातल्या होत्या. त्यांनी हळूच आईच्या हातातली वाटी घेतली, वास घेतला आणि म्हणाल्या, "गूळ झकास आहे, आजी. चहात घाला. बाळाला नको."

विषय तिथे संपला असता. पण आईने एकदा पुन्हा तोंड उघडलं, आणि मी संबंध वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, तुला यातलं काही कळत नाही. मध्ये बोलू नकोस."

आई नळाकडे गेली. तिने वाटी धुतली, पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली. त्यानंतर तिने मला ऊन पाणी दिलं, पाठ चोळली, लंगोट धुतले, पण पाजण्याबद्दल ती दवाखान्यात पुन्हा एक शब्दही बोलली नाही. मी जिंकले होते. बाळ चीक प्यायलं होतं. तिच्या ओठांवरचे ते पिवळे थेंब पाहून मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. आपण शिकलो त्याचा आपल्या मुलीला पहिल्याच तासात उपयोग झाला, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो वर्कशॉपमधून तसाच आला होता, हाताला ग्रीस. बाळाला हात न लावता लांबूनच म्हणाला, "मॅडम हुशार आहेत यार. पोरगीपण तशीच निघणार."

तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. तेव्हा वजन थोडं उतरलं होतं. सुरुवातीला उतरतंच, पुढच्या आठवड्यात दाखवायला या, असं सांगून सिस्टरांनी एक छापील कागद दिला. दर दोन ते तीन तासांनी पाजा, प्रत्येक बाजूला दहा ते पंधरा मिनिटं, पाजल्यावर ढेकर काढा. आणखी सात-आठ ओळी होत्या. घरी आल्यावर मी तो कपाटाच्या दारावर चिकटवला.

आता लिहिताना मला माझंच नवल वाटतं, पण तेव्हा मी पूर्ण मनापासून ते करत होते. लॅबमध्ये माझं कामच तसं आहे. कुठला नमुना किती मिनिटं ठेवायचा हे ठरलेलं असतं. दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की तो फुकट जातो आणि माणसाला परत सुई टोचावी लागते. मी कधी नमुना फुकट घालवला नव्हता. मी मोबाइलवर दहा मिनिटांची घंटा लावली. घंटा वाजली की करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात सरकवून तोंड सोडवायचं, दुसऱ्या बाजूला घ्यायचं, पुन्हा दहा मिनिटं. मग ढेकर, मग वहीत वेळ. बाळ सोडताना कुरकुरायचं. दुसऱ्या बाजूला लागेपर्यंत दमायचं, चार घोट घ्यायचं आणि झोपायचं. उरलेली मिनिटं ते नुसतं तोंडात धरून असायचं, पण वहीत वीस मिनिटं भरायची.

आई हे भिंतीला टेकून बघायची. एकदाच ती हसत म्हणाली, "घंटा झाली की जेवण बंद. शाळा हाय का ही?"

"शिस्त लागते, आई."

"बरं बाई," ती म्हणाली आणि लंगोटांच्या घड्या घालू लागली.

चौथ्या दिवशी माझी छाती दगडासारखी झाली. ब्लाउज लावता येईना. टोकांना भेगा पडल्या. बाळाने तोंड लावलं की पहिलं मिनिटभर पायाची बोटं आपोआप वळायची. मी दात दाबून सहन करायचे, आणि घंटा वाजली की सुटका झाल्यासारखं वाटायचं, हेही खरं आहे. लंगोट मात्र कमी ओले होत होते. आईने ते मोजले असणार, कारण धुणारी तीच होती. मी मोजले नाहीत. कागदावर लंगोट मोजायचीही ओळ होती, पण माझं लक्ष पाजण्याच्या ओळीपलीकडे गेलंच नव्हतं.

सोमवारी, म्हणजे बाळ सहा दिवसांचं असताना, आम्ही रिक्षाने प्रसूतिगृहात गेलो. आई, मी आणि दुपट्यात बाळ. वजनकाट्यावर आकडा आला दोन किलो तीनशे नव्वद.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि त्यांच्यासमोर मोठी रांग होती. त्यांनी आकडा बघून मान वर केली. "किती वेळा पाजता?"

मी वही पुढे केली. दिवसातून नऊ वेळा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं. एकही खाडा नाही. त्यांनी दोन पानं उलटली. "वही छान आहे," त्या म्हणाल्या. "पण बाळ उतरलंय. एवढं उतरायला नको. पाजताय सगळं बरोबर, म्हणजे दूधच कमी येत असेल."

मी वही मिटून पिशवीत ठेवली आणि डोळे पुसले.

"आज सोमवार. बुधवारी परत या. या दोन दिवसांत निदान पन्नास ग्रॅम वाढायला हवेत. नाही वाढले तर वरचं दूध सुरू करायचं, नाहीतर दाखल करून घेऊ. पावडर लिहून देते, घरात आणून ठेवा. बाळ सुस्त वाटलं, लघवी आणखी कमी झाली, तर बुधवारची वाट बघू नका." आणि मग जरा मऊ आवाजात, "रडू नका हो. रडून दूध वाढत नाही." त्यांनी मला ते दोन दिवस दिले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दुसऱ्या कोणी त्याच दिवशी डबा फोडायला लावला असता.

संध्याकाळी नवऱ्याने पावडरचा डबा आणला आणि फ्रिजवर ठेवला. "फोडू का?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती, ती मला कळत होती.

"फोडलास तर तूच पी," मी म्हणाले.

"मी विचारलं फक्त."

"बुधवारी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ती सुस्त झाली तर मीच फोडीन."

वरचं दूध म्हणजे काही विष नाही, हे मला माहीत होतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघींची मुलं त्यावर वाढली आणि चांगली धडधाकट आहेत. पण माझी छाती भरून दुखत होती आणि मला सांगितलं गेलं होतं की दूध नाही. ही दोन वाक्यं जुळत नव्हती. बुधवारपर्यंत मला ती जुळवायची होती.

नवरा अंघोळीला गेला. आई बाळाच्या टाळूला तेल लावत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आई, तू काहीच का बोलत नाहीस?"

"काय बोलू?"

"पोर वाळत चाललीय आणि तू गप्प बसून बघतेस."

आईने तेलाचा हात पदराला पुसला. "बोलले होते की दवाखान्यात. तू म्हणालीस, तुला कळत न्हाई. चिकाचं तुझं खरं निघालं, सिस्टर बाई बी तेच म्हणाल्या. मग म्हटलं, हे बी हिचंच खरं असंल. मी आपली अडाणी, कशाला मधे पडू?"

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. एका गोष्टीत मी बरोबर ठरले आणि तेवढ्यावर तिने माझ्या सगळ्या गोष्टी बरोबर धरल्या. मीही तेच केलं होतं. 

"माझं चुकलं," मी एवढंच म्हणाले. "आता सांग. तुला काय दिसतंय?"

आईने आधी माझ्या छातीला हात लावून पाहिलं, दोन्ही बाजूंना, जशी ती म्हशीची कास बघायची तशी, बोटांनी न दाबता तळहाताने. "दूध कमी न्हाई. तुंबलंय. तू लेकराला अर्ध्यात उठवतीस."

"दहा मिनिटं देते की."

"घड्याळ तू बघतीस. लेकराला काय ठाव? ते आत्ता कुठं सुरू झालेलं असतंय आन् तू बोट घालून काढतीस." मग ती मांडी घालून नीट बसली. "म्हशीला कसं असतंय, आधी पान्हा सुटावा लागतोय. घाई केली, अर्ध्यात उठलं, की ती पान्हा चोरायला शिकती. दुसऱ्या दिवशी तेवढंच कमी देती. आन् पहिली धार पातळ असती. डेअरीत फॅट लागती ती शेवटच्या धारेला. शेवटची धार काढली न्हाई, तर फॅट लागतच न्हाई. रेडकू बी शेवटच्या धारेवरच धरतंय अंगाला."

डेअरीचं फॅट मोजायचं यंत्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. लहानपणी मी आईबरोबर किटली घेऊन जायचे आणि यंत्रावरचा आकडा तिला वाचून दाखवायचे. आई आकडा वाचू शकत नव्हती, पण तो किती येणार हे ती घरूनच सांगायची. दुधातल्या स्निग्धांशावर मी कॉलेजात दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. ते उत्तर माझ्या स्वतःच्या दुधालाही लागू आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तरी मी चिमटा काढलाच. "त्या दिवशी तर म्हणालीस, रेडकू वेगळं, माणूस वेगळं."

"ते चिकाचं होतं," आई शांतपणे म्हणाली. "हे दुधाचं हाय."

मी मोबाइलची घंटा काढून टाकली.

ते दोन दिवस मी घरात दुसरं काहीच केलं नाही. ठरवलं की बाळाने तोंड स्वतः सोडलं तरच सोडायचं. एका बाजूला पंचवीस मिनिटं लागली, कधी चाळीस. पहिल्यांदा इतका वेळ बसले तेव्हा टाक्यांनी जीव काढला. आमच्या घरात पाठ टेकायला खुर्ची नव्हती आणि भिंत गार होती. आई माझ्यामागे आली आणि पाठीला पाठ लावून बसली. तिचा कणा माझ्या कण्याला लागला होता. ती तशी बसून शेपू निवडायची, मी पाजायचे. ती मागून विचारायची, "गिळायला लागलंय का?" तिला दिसत नव्हतं, म्हणून मी सांगायचे. सुरुवातीला भराभर चोखणं, मग थांबणं, मग छातीत एक झिणझिणी येऊन दूध सुटणं, आणि मग एकेक मोठा घोट, गळ्यात टक् असा आवाज करत. हा आवाज मी सहा दिवसांत ऐकलाच नव्हता. तो यायच्या सुमाराला माझी घंटा वाजायची.

बाळ मधेच झोपलं की आई उठून तिचे तळवे चोळायची, कानाची पाळी ओढायची. "ए कामचुकार," ती म्हणायची, "तुझ्या आईला लई गुण पडायचे शाळेत. तू पहिल्याच परीक्षेला झोपतीस?" ओल्या फडक्याने कपाळ पुसलं की बाळ चिडून पुन्हा प्यायला लागायचं.

आईचं सगळंच मी ऐकलं असं नाही. बाळाच्या नाकात तेल घालायचं तिच्या मनात होतं, मी घालू दिलं नाही. मी गार पाणी प्यावं हे तिला मान्य नव्हतं, मी माठातलं प्यायले. पण अळिवाची खीर आणि बाजरीची भाकरी मी ती देईल तेवढी खाल्ली. भेगांवर तिने दुधाचाच शेवटचा थेंब लावून वाळू द्यायला सांगितलं. सिस्टरांना फोन करून विचारलं तर त्याही तेच म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, "आजी तिथे आहेत ना? मग मला कशाला फोन करतेस गं?"

मंगळवारी संध्याकाळी नवरा आला तेव्हा दोरीवर लंगोट लावायला जागा नव्हती. त्याने दोरी बघितली, फ्रिजवरचा डबा बघितला आणि वर्कशॉपच्या कपड्यांवरच खाली जाऊन दुसरी दोरी घेऊन आला.

पण लंगोट म्हणजे ग्रॅम नव्हेत, हे मला ठाऊक होतं. बुधवारी रिक्षात मी तोच हिशोब करत होते. पन्नास ग्रॅम म्हणजे किती, तर मूठभर शेंगदाणे. तेवढ्यासाठी मी दोन दिवस मांडी मोडली नव्हती, आणि तेवढे आले नसते तर मी डबा फोडणार होते. ते मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हट्ट बाळाच्या जिवावर करायचा नाही.

आईने काट्याजवळ बाळाचं दुपटं सोडलं, लंगोट सोडला. सिस्टर त्याच होत्या. त्यांनी बाळाला काट्यावर ठेवलं, आकडा हलत होता, स्थिर होणार तेवढ्यात बाळाने काट्यावरच भली मोठी शू केली.

"अगं, थांबायचंस की दोन मिनिटं," सिस्टर म्हणाल्या. "कमाई सांडलीस ना सगळी."

आईचा चेहरा पडला. तिला वाटलं, आता ते मोजणार नाहीत. सिस्टरांनी काटा पुसला, बाळाला पुसलं आणि पुन्हा ठेवलं. मी आकड्याकडे बघत होते आणि मला तो वाचता येत नव्हता. 

"दोन किलो चारशे पन्नास," सिस्टर म्हणाल्या. "शू धरून आणखी असेल, पण ते काय आपण लिहीत नाही."

साठ ग्रॅम.

डॉक्टर बाईंनी कागदावर आकडा लिहिला, दोन दिवसांपूर्वीच्या आकड्याखाली. "काय केलंत?"

मी सांगितलं. घंटेचं सांगितलं, करंगळीचं सांगितलं, म्हशीचंही सांगितलं, कारण ते वगळणं मला बरं वाटेना. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि प्रथमच माझ्यामागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं.

"बरोबर आहे आजींचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाजताना मी बघायला हवं होतं सोमवारी. मी नुसती वही बघितली." मग त्यांनी वरच्या दुधाची ओळ खोडली आणि पुढच्या सोमवारी यायला सांगितलं.  आईने बाळाचा लंगोट जरा जास्तच घट्ट बांधला.

बाहेर आलो तर बाळ ओरडायला लागलं. एवढं उघडं पाडून, तोलून, पुसून तिला भूक लागली होती. घरी जायला अर्धा तास. मी ओपीडीसमोरच्या बाकावर बसले, आईने पदर आडवा धरला आणि मी बाळाला घेतलं. समोर माणसं येत-जात होती. दोन महिन्यांपूर्वी मला यानं मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

बाक रिकामे होत गेले. ओपीडीची वेळ संपली, खिडकी बंद झाली. आयाबाई बादली आणि पोछा घेऊन आल्या. "चला बाई, उठा. साफसफाई करायचीय."

बाळाच्या गळ्यात टक्, टक् आवाज येत होता. डोळे मिटलेले, मूठ माझ्या ब्लाउजवर.

"तिचं झालं की उठते," मी म्हणाले.

आयाबाईंनी आईकडे पाहिलं. आई पदर तसाच धरून उभी होती आणि तिचा हात खाली येण्याची काही चिन्हं नव्हती. "पाय तरी वर घ्या मग," त्या म्हणाल्या. मी पाय वर घेऊन बाकावर मांडी घातली, आणि त्या आमच्याभोवतीची फरशी पुसायला लागल्या.